बहुसांस्कृतिक शिक्षण आणि शिक्षक-संशोधन या दोन पेपरांसाठी लहान गावच्या शाळेत विषय कसा निवडावा?

आपण देवगड तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत शिकवता आणि नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर पदवी घेत आहात. या सत्रात बहुसांस्कृतिक शिक्षण (वेगवेगळ्या समाजांतील मुलांना न्याय देणारे शिक्षण) आणि शिक्षक-संशोधन (शिक्षकाने आपल्याच कामाचा केलेला अभ्यास) असे दोन पेपर आहेत. वाचायला लावलेली पुस्तके अमेरिकेतील शहरांविषयी आहेत आणि आपल्या वर्गात मात्र ‘सगळी गावचीच मुले’ आहेत, अपवाद फक्त आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबातील दोन भावंडांचा. मग दोन पेपरांसाठी दोन विषय आणावेत कुठून, असा आपला प्रश्न आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका अध्यापक महाविद्यालयात अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

माझे पहिले सांगणे असे की दोन विषय शोधू नयेत. हे दोन पेपर वेळापत्रकात वेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे. शिक्षक-संशोधन ज्या कृतिसंशोधनातून आले, त्याची मांडणी करणारे कर्ट लेविन हे 1933 मध्ये जर्मनी सोडावी लागलेले ज्यू मानसशास्त्रज्ञ होते, आणि 1946 मधील त्यांचा सुप्रसिद्ध लेख अल्पसंख्याकांच्या प्रश्नांविषयीच होता. बहुसंख्य आणि अल्पसंख्य गटांमधील संबंध सुधारायचे असतील, तर ते सुधारू पाहणाऱ्यांनी स्वतःच्या कृतीचा अभ्यास करत पुढे जावे, हा त्याचा गाभा. पुढे स्टीफन कोरी यांनी 1953 मध्ये ही पद्धत शाळांसाठी मांडली आणि इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी 1975 मध्ये शिक्षक हाच संशोधक ही भूमिका ठामपणे घेतली. त्यामुळे एकाच वर्गातील एकाच प्रश्नावर काम करून दोन्ही पेपरांचे स्वाध्याय लिहिणे ही पळवाट ठरत नाही. मला तर तोच सरळ मार्ग वाटतो. फक्त दोन्ही मार्गदर्शकांना तशी आधी कल्पना द्यावी.

आता ‘सगळी गावचीच’ याविषयी. आपल्या हजेरीपटावर एकदा वाडीनुसार खुणा करून पाहा. बंदराकडील गाबीत मुले, भंडारवाडी, मुसलमानवाडी, बौद्धवाडी, धनगरवाडी यांतील किती जण एका वर्गात बसतात आणि पोषण आहाराच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, हे दोन आठवडे नुसते टिपून ठेवले तरी बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या पेपरातील निम्मे प्रश्न समोर येतील. अमेरिकन पुस्तकांत वंश जिथे आहे, तिथे आपल्याकडे आधी जात आणि वाडी येते. हे न लिहिता केवळ नेपाळी मुलांवर प्रकल्प करणे मला अपुरे वाटते. भाषेचेही तसेच आहे. घरी मालवणी बोलणारे मूलही पाठ्यपुस्तकाच्या मराठीपर्यंत अंतर कापूनच येत असते, पण ते अंतर आपल्या अंगवळणी पडलेले असल्याने दिसत नाही.

विषयाची वाक्यरचना हा या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि बहुतेक प्रकल्प तिथेच बिघडतात. ‘परप्रांतीय विद्यार्थ्यांच्या मराठी वाचनातील चुका व उपाययोजना’ अशा शीर्षकाने संशोधन सुरू होण्याआधीच निकाल देऊन टाकलेला असतो: दोष मुलात आहे आणि उपाय शिक्षकाकडे आहे. शिक्षक-संशोधनात शिक्षकाची कृती तपासायची असते. म्हणून प्रश्न असा मांडता येईल: माझ्या भाषेच्या तासाला तोंडी प्रश्न कोणाच्या वाट्याला येतात, उत्तरासाठी कोणाला किती वेळ मिळतो, आणि लिहिण्याआधी मुलांना घरच्या भाषेत बोलू दिले तर त्यांच्या मराठी लेखनात काय बदलते? यातील वेळेचा मुद्दा किरकोळ समजू नये. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात आणि तो अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांब व विचारपूर्ण होतात, असे अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात दाखवले. जे मूल मनातल्या मनात एका भाषेतून दुसरीत जात असते, त्याच्यासाठी ते दोन सेकंद फार मोलाचे असतात. मोबाइलवर आपलाच तास ध्वनिमुद्रित करून ऐकावा; आपल्याविषयी जे कळते ते कुठल्याही प्रश्नावलीतून कळत नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जेम्स बँक्स यांनी बहुसांस्कृतिक शिक्षणाची पाच अंगे सांगितली आहेत: आशयात विविधतेचा समावेश, ज्ञान कसे घडते याची उकल, पूर्वग्रह कमी करणे, सर्वांना न्याय देणारी अध्यापनपद्धती आणि सर्व मुलांना सबल करणारी शाळेची एकूण संस्कृती. आपल्याकडील प्रकल्प बहुधा पहिल्या अंगावर थांबतात, म्हणजे एखाद्या दिवशी वेशभूषा आणि खाद्यपदार्थ. नेपाळी मुलाला टोपी घालून उभे केल्याने त्याचे वाचन सुधारत नाही. नेपाळी भाषाही देवनागरीतच लिहिली जाते, हे लक्षात घेतले तर चित्र बदलते: घरात कोणी वाचणारे असेल, तर मुलाला अक्षरे नवीन नसतात, शब्द नवीन असतात, आणि त्याला पहिलीच्या मुळाक्षरांपाशी नेऊन बसवणे अन्यायाचे ठरते. चौथे अंग म्हणतात ते हेच.

वाचनासाठी एकच लेख निवडायचा असेल, तर लुइस मोल आणि सहकाऱ्यांचा 1992 मधील लेख निवडावा. अ‍ॅरिझोनातील टुसान येथे शिक्षक मेक्सिकन वंशाच्या श्रमिक कुटुंबांच्या घरी शिकण्यासाठी गेले आणि शेती, बांधकाम, व्यापार, औषधोपचार यांविषयी त्या घरांत केवढे ज्ञान आहे ते टिपून त्यावर पाठ बेतले. लेखकांपैकी एक, कॅथी अमांती, स्वतः वर्गशिक्षिका होत्या. आपल्या गावात अशा घरभेटींना काय मिळणार नाही? उधाण आणि भांग (मोठ्या व लहान भरतीचे दिवस) ओळखणारा तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, मोहोरावरची कीड नजरेने सांगणारा राखणदार, काजूची प्रतवारी करणारी आई. असे काम आपल्या किनाऱ्याला परकेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील बोर्डी येथे आणि नंतर कोसबाडला वारली मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेली. मुलांना दोष न देता शाळा बदलून पाहण्याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पद्धतीबाबत थोडक्यात सांगतो. एवढ्या लहान पटावर टक्केवारी आणि पूर्वचाचणी-उत्तरचाचणीचे आलेख निरर्थक ठरतात. तारीखवार निरीक्षणे, मुलांच्या लेखनाचे नमुने, ध्वनिमुद्रणातील उतारे आणि दुसऱ्या शिक्षकाने आपल्या नोंदींचे केलेले वाचन एवढे पुरेसे आणि जास्त विश्वासार्ह आहे. मार्गदर्शकांनी आकडे मागितलेच, तर कोणाला किती प्रश्न विचारले याची मोजणी द्यावी; ती खरी मोजणी आहे.

संमतीकडे मात्र नीट लक्ष द्यावे. नाव बदलले तरी ‘शाळेतील नेपाळी मुलगी’ कोण हे सगळ्या गावाला कळते, त्यामुळे तिच्या घरची कोणती गोष्ट लिहायची हे पालकांना समजेल अशा भाषेत विचारूनच ठरवावे. बागायतदार शाळा व्यवस्थापन समितीवर असेल, तर त्याला बरोबर घेऊन राखणदाराच्या खोपीवर जाऊ नये. मालकासमोर तो नाही म्हणू शकणार नाही.

वेळापत्रक गावाच्या कामांप्रमाणे आखावे. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असल्याने बंदरावरचे वडील घरी भेटतात, तर बागेतील कुटुंबांकडे आंब्याची काढणी सुरू होण्याआधी जावे. ही कुटुंबे बऱ्याचदा पावसापूर्वी परततात, त्यामुळे मूल प्रकल्पाच्या मध्येच जाण्याची शक्यता असते. तसे झाले तर नमुन्यातून त्याचे नाव काढून टाकू नये. नोंदी कोणत्या तारखेपर्यंतच्या आहेत ते अहवालात लिहावे, दाखल्यासोबत पुढच्या शाळेसाठी मुलाला काय काय वाचता येते याचे एक पानभर वर्णन द्यावे, आणि त्या वर्णनाची प्रत परिशिष्टात जोडावी.