वाचक विचारतात : थिऑलॉजी कुठून सुरू करू?

प्रश्न : सर, मी पॅरिशमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते, म्हणून स्वतःसाठी थिऑलॉजीचं पुस्तक वाचायला घेतलंय. त्रैक्य, देहधारण, कृपा, तारण असे चॅप्टर आहेत. व्याख्या पाठ होतात पण आठवड्यात सगळं उडून जातं. कसं वाचू?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, व्याख्या जरा बाजूला ठेवा आणि वादापासून सुरुवात करा, कारण यातली बरीचशी वाक्यं कुणाला तरी उत्तर म्हणून लिहिली गेलीत, आणि ते समोरचं माणूस दिसलं नाही तर वाक्य कोरडंच राहतं.

त्रैक्यच घ्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. अलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू शिकवायला लागला की पुत्र, म्हणजे येशू, फार थोर आहे, बाकी सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण तोही पित्याने निर्माण केलेलाच, म्हणजे तो नव्हता असंही कधीतरी होतं. ऐकायला यात वावगं वाटत नाही, उलट देव एकच आहे हे सांभाळलं जातं ना! पण आरियसचा विरोधक अथनासियस, त्याचं म्हणणं असं की जो स्वतःच निर्माण झालेला आहे तो आपल्याला देवाशी जोडणार कसा? सगळा मुद्दा इथे आहे, वाद आपल्या तारणाचा होता. 325 साली निकियाला बिशपांच्या परिषदेत ठरलं की पुत्र जन्मलेला आहे, निर्माण केलेला नाही, पित्याशी एकतत्त्व आहे. मिस्सामध्ये मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना आता हे शब्द नीट ऐका. आणि परिषद झाली म्हणून वाद मिटला नाही हं, अथनासियस पुढे बिशप झाला आणि त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं.

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, देहधारणाचा, म्हणजे देव माणूस झाला याचा : पुत्र पूर्ण देव असेल तर त्याला भूक लागली, तो रडला, मेला, ते कोण? यावर 451 साली खाल्सेदोनच्या परिषदेने सांगितलं की व्यक्ती एक, स्वभाव दोन, दैवी आणि मानवी, मिसळलेले नाहीत आणि तुटलेलेही नाहीत. कॉप्टिक आणि आर्मेनियन चर्चनी हे मानलं नाही, त्यांची बाजूही जरूर वाचा, ती लोकं येशूला कमी लेखत नव्हती.

कृपेसाठी ऑगस्टीन विरुद्ध पेलागियस हा वाद वाचा, माणूस स्वतःच्या बळावर चांगला होऊ शकतो की देवाची कृपाच लागते याचा, नंतर ल्यूथर.

तारणाचा चॅप्टर मात्र शेवटी ठेवा. ख्रिस्ताच्या मरणाने आपण तरलो हे सगळे मानतात, पण नेमकं कसं याची एकच व्याख्या कुठल्याही जुन्या सार्वत्रिक परिषदेने बांधून दिली नाही, त्यामुळे तिथे व्याख्या शोधत बसू नका, त्या मरणाने पापाची भरपाई झाली म्हणणारा अन्सेल्म आणि त्यातलं प्रेम आपलं मन बदलतं म्हणणारा अबेलार्ड शेजारी शेजारी ठेवून वाचा.