एका इमारतीत गवंडी तयार होत नाही: शहर नूतनीकरणातून स्थानिक रोजगार आणि कौशल्याबद्दल

तुमचा प्रश्न मी असा समजलो. शहराच्या जुन्या मध्यवस्तीचं नूतनीकरण मंजूर झालंय: बाजाराची इमारत, दोन रस्ते, गटारं, एक शाळा आणि काही जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती. तुम्ही नागरिक समितीवर आहात. या कामांवर इथल्याच पोरांना रोजगार मिळावा आणि त्यांनी काम शिकावं अशी तुमची इच्छा आहे. त्यासाठी निविदेत '७० टक्के मजूर स्थानिक असावेत' ही अट घातली तर पुरेल का?

नाही पुरणार. मी आधी ठेकेदाराकडे साइट इंजिनियर होतो आणि नंतर बांधकाम प्रशिक्षणात आलो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं लिहितो. मोठं आहे, सवडीने वाचा.

आधी टक्क्यांचं. माणसं मोजणारी अट पूर्ण करून दाखवणं अगदी सोपं असतं. ठेकेदार खोदाईच्या वेळी वस्तीतली चाळीस पोरं घेतो, नावं लिहितो, फोटो काढतो. स्लॅबचं काम लागतं तोवर त्यातलं एकही पोरगं साइटवर दिसत नाही, पण अहवालात चाळीसचा आकडा तसाच राहतो. अमेरिकेत सरकारी गृहनिर्माणाच्या पैशातून कमी उत्पन्नाच्या स्थानिक लोकांना काम मिळावं म्हणून १९६८ च्या कायद्यात कलम ३ आलं. त्यात बराच काळ नव्याने घेतलेली माणसं मोजली जात. २०२० मध्ये नियम बदलले आणि श्रमाचे तास मोजायचं ठरलं: एकूण तासांपैकी २५ टक्के अशा कामगारांचे. तास मोजले की आठवडाभर ठेवलेला माणूस आठवडाभराचाच मोजला जातो.

सॅन फ्रान्सिस्को शहराचा अनुभवही असाच आहे. तिथे सरकारी बांधकामांवर निम्मे स्थानिक घेण्याचं उद्दिष्ट होतं, पण ठेकेदाराने 'प्रामाणिक प्रयत्न' केले तरी भागायचं. प्रयत्न म्हणजे पत्रव्यवहाराची फाइल. उद्दिष्टाच्या जवळपासही कोणी पोचेना. २०११ पासून नियम सक्तीचा केला. सुरुवातीला २० टक्केच ठेवले, पण प्रत्येक कारागिरीत वेगळे, आणि शिकाऊ कामगारांच्या तासांत निम्मे स्थानिकांचे. 'प्रत्येक कारागिरीत' हे शब्द नीट पाहा. एकूण कामाची टक्केवारी असेल तर स्थानिक माणूस हमखास बिगारी राहतो आणि फिटर, सुतार, प्लंबर, वायरमन सगळे बाहेरून येतात. तुमच्या अटीत एवढा एकच बदल झाला तरी बरंच साधेल.

'स्थानिक' म्हणजे कोण, हेही आधी ठरवा. राहण्याचा पत्ता धरा. जन्म, भाषा, आडनाव धरू नका. बाहेरून येऊन वर्षानुवर्षं तुमच्या शहरात राहिलेली, तिथेच मुलं शाळेत घातलेली कुटुंबं बांधकामावर असतात. त्यांना वगळून स्थानिक रोजगाराची भाषा करणं मला पटत नाही. कायदाही इथे आडवा येऊ शकतो. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के राखीव ठेवणारा कायदा केला होता, तो पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. तुमची गोष्ट निविदेतल्या अटीची आहे, राज्याच्या कायद्याची नाही, तरी वकिलाला दाखवल्याशिवाय ७० हा आकडा छापू नका. 'इतके तास प्रशिक्षणार्थींना द्या, आणि प्रशिक्षणार्थी शहराच्या यादीतून घ्या' ही मांडणी मला जास्त सुरक्षित वाटते, आणि तुमचा हेतूही तिच्यातून जास्त साधतो.

आता मुख्य अडचण. समजा अट उत्तम लिहिली, ठेकेदारही भला निघाला. तरीही एका इमारतीवर गवंडी तयार होत नाही, कारण तेवढा वेळच मिळत नाही. मध्यम आकाराच्या इमारतीत प्लास्टरचं काम दोन-तीन महिन्यांत आटोपतं. वीटकाम त्याहून लवकर. वायरिंगच्या नळ्या स्लॅब भरायच्या आधी टाकल्या जातात आणि तारा ओढायला वायरमन येतो तो कित्येक महिन्यांनी. पोरगं हातात थापी धरायला शिकतं न शिकतं तोच ते काम संपतं आणि ते घरी बसतं. पुढचं काम निघेपर्यंत ते दुसऱ्याच कशाला तरी लागलेलं असतं. माझ्या मते नूतनीकरणातली बहुतेक प्रशिक्षणं इथेच वाया जातात.

म्हणून शिकणाऱ्याला एका ठेकेदाराशी बांधू नका, शहराच्या कामांच्या साखळीशी बांधा. ऑस्ट्रेलियात यासाठी 'ग्रुप ट्रेनिंग' संस्था असतात. शिकाऊ मुलगा संस्थेच्या पगारावर असतो आणि संस्था त्याला आज या ठेकेदाराकडे, ते काम संपलं की त्या ठेकेदाराकडे पाठवते. वेल्समध्येही बांधकामात अशी सामायिक शिकाऊ योजना चालते. यामागे साधं कारण आहे. एका ठेकेदाराने पदरमोड करून माणूस शिकवला की शेजारचा ठेकेदार थोडे जास्त पैसे देऊन त्याला उचलतो, मग शिकवायला कोण धजावेल? जर्मनीत यावर बांधकाम क्षेत्राचा सामाईक निधी आहे, सोका-बाऊ नावाचा. त्यात सगळे ठेकेदार वर्गणी भरतात आणि जो शिकाऊ घेतो त्याला त्याच्या वेतनाचा काही भाग परत मिळतो. ब्रिटनमध्ये १९६४ पासून बांधकाम प्रशिक्षण मंडळ ठेकेदारांकडून अशीच वर्गणी घेतं.

भारतात १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं त्याने बंधनकारक आहे. पण नूतनीकरणाचं काम प्रत्यक्षात करतात ते आठ-दहा माणसांचे छोटे उपठेकेदार, आणि ते या सक्तीत बसत नाहीत. शिकाऊंची हजेरी, विद्यावेतन, विमा आणि बदलीची जबाबदारी दुसऱ्या कोणीतरी घ्यावी लागते: पालिका, आयटीआय किंवा तुमच्या समितीने उभी केलेली छोटी संस्था. तुमच्या जागी मी असतो तर सगळा जोर इथे लावला असता.

त्यासाठी पहिला कागद काढायचा तो कामांच्या वेळापत्रकाचा. पुढच्या तीन वर्षांत शहरात कोणती कामं कधी निघणार आणि प्रत्येकात कुठली कारागिरी कोणत्या महिन्यात लागणार, हे एका तक्त्यात मांडा. नूतनीकरणाबाहेरची कामंही धरा, म्हणजे शाळांची डागडुजी, पाण्याच्या टाक्या, सरकारी इमारतींचं वॉटरप्रूफिंग. मग दिसतं की बाजाराचं प्लास्टर संपतं तेव्हा शाळेचं सुरू होतंय, किंवा मध्ये चार महिने रिकामे आहेत. ते चार महिने वर्गातल्या शिक्षणाला वापरा: नकाशा वाचणं, मापं काढणं, सुरक्षितता. वर्गाची तारीख कामावरून ठरायला हवी. प्रशिक्षण संस्था बऱ्याचदा आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे तुकड्या काढतात, आणि मार्चमध्ये प्रमाणपत्र घेतलेला मुलगा ऑक्टोबरपर्यंत कामाची वाट पाहत बसतो.

साइटवर शिकवायचं कोणी, याचा विचार फार कमी ठिकाणी होतो. मिस्त्री रोजावर असेल तर थोडं तरी शिकवतो. पण प्लास्टर सहसा मापावर दिलेलं असतं, जेवढी भिंत तेवढे पैसे. अशा मिस्त्रीला शिकाऊ म्हणजे तोटाच. भिंतीवर आधी ठिय्ये मारायचे, म्हणजे प्लास्टर किती जाड येणार ते दाखवणारे ठिपके. ते ओळंब्यात आणि एका रेषेत आहेत का पाहायचं, मग पट्ट्या ओढायच्या, मग मधला भाग भरून फळीने खरवडायचा. हातात मुरलेल्या माणसाला ठिय्ये मारायला काही मिनिटं लागतात. शिकणारा पोरगा त्यातच सकाळ घालवतो, आणि त्याचा एक ठिय्या चुकला तर अख्खी भिंत पोट काढते. मग मिस्त्री काय करतो? पोराला माल कालवायला लावतो. सहा महिने पोरगं माल कालवतं आणि नोंदीत 'गवंडीकामाचं प्रशिक्षण' असं लिहिलं जातं. यात मिस्त्रीची चूक नाही, त्याचं पोट मापावर आहे. शिकवणाऱ्या मिस्त्रीला शिकवण्याचे वेगळे पैसे द्या आणि ती रक्कम निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून दाखवा. ती बाब नसेल तर ठेकेदार ती स्वतःच्या नफ्यातून देणार नाही. शिकाऊने स्वतःच्या हाताने केलेल्या एका भिंतीची तपासणी दर महिन्याला कनिष्ठ अभियंत्याने करावी, ओळंबा आणि फळी लावून. त्याची सही असल्याशिवाय त्या महिन्याचे प्रशिक्षणाचे पैसे सोडू नयेत.

अट उपठेकेदारापर्यंत आणि मुकादमापर्यंत पोचली पाहिजे. करारावर सही मुख्य ठेकेदाराची असते, पण टोळी आणतो मुकादम, आणि त्याला निविदेत काय लिहिलंय याची गंधवार्ता नसते. तासांचा हिशेब प्रत्येक रनिंग बिलासोबत, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलासोबत मागा, काम संपल्यावर मागून काही हाती लागत नाही. रोजची हजेरी नीट ठेवली तर कामगारांचाही फायदा होतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी आधीच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि तो दाखला मिळवताना माणसं मेटाकुटीला येतात. १९९६ च्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर आकारला जाऊ लागला तो याच कामगारांच्या कल्याणासाठी. तुमच्या कामांवरच्या प्रत्येकाच्या हातात साइट सोडताना ९० दिवसांचा दाखला असावा, ही अट जरूर घाला.

जुन्या दगडी इमारतींबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला सगळ्यात जास्त आशा तिथेच आहे. नव्या इमारतीत यंत्रं आणि तयार माल वाढत चाललाय, दुरुस्तीला मात्र हातच लागतो आणि वेळही लागतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की आतला ओलावा बाहेर पडायची वाट बंद होते, तो दगडातून वाट काढतो आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे ओळखणारा आणि चुना भिजवून, मुरवून वापरता येणारा गवंडी आज सहज मिळत नाही. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्याचं २०१३ मध्ये पूर्ण झालेलं जतनकाम पाहा. तिथे छतावरून आधीच्या दुरुस्त्यांमधलं सुमारे दहा लाख किलो काँक्रीट उतरवावं लागलं. पूर्ण कामात कारागिरांचे दोन लाखांहून अधिक श्रमदिवस लागले. घुमटाच्या छत्र्यांवरच्या फरशा बनवायचं तंत्र इथे लोपलं होतं, म्हणून उझबेकिस्तानातून कारागीर आणले आणि त्यांच्याकडून शेजारच्या निजामुद्दीन बस्तीतल्या तरुणांना शिकवलं. तुमच्याकडची कामं एवढी मोठी नसतील, पण पद्धत तीच ठेवता येईल: येणाऱ्या तज्ज्ञाच्या करारातच लिहा की तो जाताना चार स्थानिक हात तयार करून जाईल. फक्त हे काम 'कमीत कमी दर' पद्धतीने देऊ नका. त्या दरात चुना मुरायला ठेवणं कोणालाच परवडत नाही.

स्त्रियांबद्दल तुमच्या प्रश्नात काही नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितो. बांधकामावर स्त्रिया हजारोंनी आहेत, पण घमेली उचलायला. वीस वर्षं साइटवर काढलेल्या बाईला माल कसा हवा, वीट कशी बसते हे सगळं माहीत असतं. थापी मात्र तिच्या हातात कोणी देत नाही. अहमदाबादेत 'सेवा' या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेच्या परिवारातल्या महिला हाउसिंग ट्रस्टने 'कर्मिका' ही शाळा काढून बायकांना गवंडीकाम शिकवलं. लंडनच्या ऑलिंपिक पार्कवर २००८ मध्ये 'विमेन इंटू कन्स्ट्रक्शन' हा उपक्रम सुरू झाला, तो खेळ संपल्यावरही चालू राहिला. तुम्हाला दोन गोष्टी आधी लागतील: साइटवर कडी लागणारं स्वच्छतागृह आणि पाळणाघर. पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच सक्तीचं केलं. तुम्ही पन्नासची वाट पाहू नका, दहा बायका असल्या तरी करा. त्याशिवाय महिलांच्या तुकडीत नावं आली तरी ती टिकत नाहीत.

आणि शहरात आधीच असलेले कारागीर विसरू नका. पंधरा वर्षं सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचे साचे बांधायचं काम, करणाऱ्या माणसाकडे कागद नसतो म्हणून तो मोठ्या कामावर बिगारीच्या रोजात जातो. त्याला वर्गात बसवू नका, त्याची साइटवर परीक्षा घ्या आणि प्रमाणपत्र द्या. प्रधानमंत्री कौशल विकास योजनेत पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. हे सगळ्यात आधी होण्यासारखं आहे, आणि पुढे शिकवणारे मिस्त्रीही तुम्हाला यांच्यातूनच मिळतील.

आता तुमच्याकडून एक माहिती हवी: निविदा कोणत्या टप्प्यावर आहेत? मसुदा अजून अभियंत्याच्या टेबलावर असेल तर शिकाऊंचे तास, मिस्त्रीचे शिकवण्याचे पैसे आणि उपठेकेदारांना लागू होणारी अट या तीन बाबी परिमाणपत्रकातच, म्हणजे निविदेतल्या कामांच्या आणि मापांच्या यादीतच घालून घ्या. निविदा प्रसिद्ध झाली असेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी मुद्दा मांडा, शुद्धीपत्रक काढता येतं. कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश, निघून गेला असेल तर त्या कामाच्या मागे न लागता पुढच्या कामाच्या मसुद्याला लागा, आणि तोवर वेळापत्रकाचा तक्ता व कारागिरांची यादी करून ठेवा. मसुद्यातला संबंधित भाग इथे टाकलात तर शब्दरचना मी पाहून देईन.