परत जाणार नसशील, तर विचारू नकोस

बाळ,

तुझं पत्र मिळालं. दरडीखाली गेलेल्या वाडीवर तुमची मानसिक आधार देणारी टीम दोन दिवस होती, तू फॉर्म भरून घेतलेस, आणि निघताना एका आजींनी विचारलं, "आता कधी येणार?" तुझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून तुला झोप नाही आणि ‘मी या कामाच्या लायकीची नाही’ असं तू ठरवून टाकलंयस. लायकीचं सोड. आजींनी नेमकं विचारलं आणि ते तुला लागलं, हे बरंच झालं.

माझं म्हणणं एकच आहे, कंटाळा आला तरी ऐक. परत जाणार नसशील, तर विचारू नकोस. पाणी दे, नातेवाइकांना फोन लावून दे, मदतीच्या यादीत नाव आहे का ते बघ. पण ‘त्या रात्री काय झालं ते सांगा’ हे विचारू नकोस.

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. गणपती विसर्जन करून माणसं नुकती आडवी झाली होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरची माळवदं अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. एम.ए. नुकतंच संपलं होतं, आमच्या सरांबरोबर मी तिथे गेले. पत्र्याच्या शेडमधल्या एक बाई चपला उशाशी घेऊन, दाराकडे तोंड करून झोपायच्या. येणाऱ्या प्रत्येकाने त्यांना ती रात्र सांगायला लावली होती. आता त्या ती पाठ केल्यासारखी एका सुरात सांगायच्या, डोळ्यांत काही नसायचं. मी विचारलं नाही, नुसती जात राहिले. पुढे एकदा त्यांच्या शेजारी बसून तूर निवडत होते, तेव्हा म्हणाल्या, "तुमी परत आलाव व्हय." आणि लेकीबद्दल बोलायला लागल्या. ते त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तेव्हा संकटानंतर लगेच, एकाच बैठकीत माणसाकडून सगळं वदवून घ्यायची पद्धत जगभर जोरात होती. या पद्धतीवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं की तेवढ्याने पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, टळत नाही. त्यातल्या एका चाचणीत तर वर्षभरानंतर त्याचा धोका वाढलेला आढळला. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका, हेही तीच सांगते. ज्या उपचारांनी गुण येतो त्यांतही ती आठवण उघडावी लागतेच, पण प्रोलॉन्ग्ड एक्स्पोजर या उपचारात, जिथे ती आठवण हळूहळू, पुन्हा पुन्हा सामोरी घेतात, त्यासाठी साधारण ८ ते १५ सत्रं असतात, दीड-दीड तासाची. म्हणजे परत येणं तिथे उपचारातच धरलेलं आहे. हे तुमच्या दोन दिवसांच्या शिबिरात कसं बसवणार?

तेव्हा आजींकडे जा. संस्थेने गाडी दिली नाही तर एसटीने जा. फॉर्म नेऊ नकोस. आधी तिथल्या आशाताईंना फोन कर, तू नसताना त्याच तिथे असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्याकडे लिहून ठेव.

लातूरला राहून मी करिअर घालवलं, असं म्हणणारे आहेत. शोधनिबंध लिहायचे राहिले याची खंत मलाही आहे. मुंबईची नोकरी नाकारली याची नाही, अजिबात नाही! भूकंपात पोरकी झालेली मुलं आता स्वतः आईबाप आहेत. ढग गडगडले की लेकरू उचलून अंगणात धावणारा बाप माझ्याकडे येतो, तेव्हा त्याला पहिल्यापासून सांगावं लागत नाही. चार शहरं फिरले असते तर हे झालं असतं का? हट्टी म्हणतात मला, म्हणू देत.

आता तुझे दोन प्रश्न. ईएमडीआरचा, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आघाताच्या आठवणींवर करायच्या उपचाराचा, कोर्स नंतर कर. आधी क्लिनिकल सायकॉलॉजीचं रीतसर प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्रावर ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ची पाटी लावलीस तर माझं नाव सांगू नकोस. दिवसाला दहा जणांना भेटू नकोस, कारण दहा जणांकडे परत जाता येत नाही. परदेशातल्या पीएच.डी.चा अर्ज खुशाल भर, पण त्याआधी नियमित येणाऱ्या रुग्णांबरोबर एक सबंध वर्ष काढ. त्यासाठी चांगली सुपरवायझर लागेल. लातूर किंवा पुणे, कुठे जमेल ते कळव, म्हणजे मी बोलून ठेवते. शुल्क परवडणार नसेल तर तेही स्पष्ट लिही.

सप्रेम,
तुझ्या बाई