बी.ए. की बी.एस.? वैद्यकीय प्रवेशाआधीच्या पदवीविषयी प्रश्नोत्तरे

अमेरिकेत बारावीच्या मुलांना बहुधा १ मेपर्यंत महाविद्यालय निश्चित करावे लागते. इथे मेडिकल स्कूलला जाण्याआधी पदवी घ्यावी लागते, त्यामुळे एप्रिल उजाडला की ती बी.ए. असावी की बी.एस. (इथली विज्ञानाची पदवी), ही शंका इथल्या मराठी पालकांकडून नव्या शब्दांत येऊ लागते. त्यांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

जीवशास्त्रात बी.ए. केले तर मेडिकल स्कूल अर्ज बाजूला ठेवते, असे आमच्या मंडळातील एका गृहस्थांनी सांगितले. हे खरे आहे का?

नाही. पदवीचे नाव त्या त्या विद्यापीठाच्या प्रथेवर ठरते. हार्वर्ड जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही ए.बी. म्हणजे बी.ए.च देते, आणि एमआयटीत साहित्य शिकलेल्याच्या पदवीवरही ‘विज्ञान’ असे छापलेले असते.

मग दोन्हींत फरक तरी काय, आणि मुलाने कोणती घ्यावी?

बहुतेक ठिकाणी बी.एस.मध्ये गणित, भौतिकशास्त्र आणि वरच्या वर्गांचे विज्ञान अधिक असते, तर बी.ए.मध्ये परभाषा आणि मानव्यविद्यांना अधिक जागा असते. प्रवेश समिती पाहते ते प्रयोगशाळेसह जीवशास्त्र, सामान्य व सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र. त्यांच्या जोडीला हल्ली जीवरसायनशास्त्र आणि अनेक ठिकाणी संख्याशास्त्रही लागते. हे सर्व दोन्ही पदव्यांत बसते. एमकॅट, म्हणजे मेडिकल स्कूलची प्रवेशपरीक्षा, हिच्या चार भागांपैकी एकात ९० मिनिटांत केवळ उतारे वाचून ५३ प्रश्न सोडवायचे असतात, त्यात विज्ञान नावालाही नसते. त्यामुळे तत्त्वज्ञानाचे दोन वर्ग वाया जात नाहीत. प्रत्येक मेडिकल स्कूलच्या अटी मात्र वेगळ्या असल्याने महाविद्यालयाच्या आरोग्य-अभ्यासक्रम सल्लागाराला पहिल्याच सत्रात भेटावे.

एका सल्लासंस्थेने ‘प्री-मेड पदवी’ मिळवून देण्याचे पॅकेज सांगितले आहे. घ्यावे का?

घेऊ नये. ‘प्री-मेड’ हा सहसा मुख्य विषय नसून तयारीचा मार्ग आहे, आणि जी वस्तूच नाही तिचे पैसे मागणाऱ्याच्या इतर सल्ल्यावर किती विसंबायचे, हे आपणच ठरवा.

मुलीने हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस केले, त्यात सी आला. आता तिला बी.एस.च्या पहिल्याच सत्रात रसायन, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित असे चारही विषय घ्यायचे आहेत. जुना ग्रेड पुसला जाईल ना?

पुसला जाणार नाही, आणि या पत्रातील खरी चिंतेची गोष्ट पदवीची नसून हीच आहे. एम्कॅस, म्हणजे एम.डी. ही डॉक्टरची पदवी देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांची सामायिक अर्जव्यवस्था, हायस्कूलमध्ये असताना घेतलेल्या महाविद्यालयीन विषयांसह सर्व ग्रेड मोजते, आणि विषय पुन्हा घेतला तर दोन्ही प्रयत्न धरते. शिवाय जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, ती वेगळा काढते. हिशेब करून पाहा. पहिल्या ३० क्रेडिटना २.७ पडले आणि उरलेल्या ९० क्रेडिटना मुलीने जिवाचे रान करून ३.९ मिळवले, तरी सरासरी ३.६ वरच थांबते. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी मात्र अलीकडे ३.८ च्या आसपास आहे. ३.६ वाल्यांना प्रवेश मिळतच नाही असे नाही, पण वाट अरुंद होते. इतकी वर्षे पाहतो आहे, बुद्धीने कमी पडलेली मुले थोडी, पहिल्या सत्रात ताट भरभरून वाढून घेऊन बसलेली फार. आणि पालक धावत येतात ते तिसऱ्या वर्षी, जेव्हा दुरुस्तीला जागा उरलेली नसते. पहिल्या सत्रात प्रयोगशाळेचे दोनच विषय पुरेत. एखादा विषय खरोखरच झेपत नसेल तर मुदतीत सोडावा. त्याचा ‘डब्ल्यू’, म्हणजे विषय सोडल्याची नोंद, जीपीएत मोजला जात नाही, मात्र असे डब्ल्यू साचू देऊ नयेत. सोडण्यापूर्वी सल्लागाराशी आणि आर्थिक साहाय्य कार्यालयाशी बोलावे, कारण क्रेडिट कमी झाल्यास मदतही कमी होऊ शकते.

माझी भाची पुण्यात तीन वर्षांचे बी.एस्सी. करते आहे. त्यावर तिला इथे अर्ज करता येईल का?

त्या पदवीच्या भरवशावर करू नये. एम्कॅस परदेशी ग्रेड जीपीएत धरत नाही, आणि बहुतेक महाविद्यालये आवश्यक विषय अमेरिकेतील किंवा कॅनडातील महाविद्यालयातच झालेले मागतात. तिकीट काढण्यापूर्वी चार-पाच महाविद्यालयांना लेखी विचारावे.

मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर आहे आणि दुसऱ्या वर्षात शिकतो आहे. त्याने बी.ए. घ्यावे की बी.एस.?

पदवी कोणतीही घ्या, पण त्याच्या २१ व्या वाढदिवसाची तारीख आधी पाहा. तोवर ग्रीन कार्ड झाले नाही, तर सर्वसाधारणपणे त्याला एच-४ वर राहता येत नाही आणि बहुधा विद्यार्थी व्हिसाकडे वळावे लागते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना घेणारी मेडिकल स्कूल मोजकी आहेत, त्यांतील काही कित्येक वर्षांचे शुल्क आगाऊ ठेव म्हणून मागतात, आणि सरकारी कर्जही मिळत नाही. वय गोठवण्याची, म्हणजे २१ पूर्ण झाल्यावरही ग्रीन कार्डसाठी मूल म्हणून धरण्याची कायद्यातील तरतूद आपल्या प्रकरणाला लागू होते की नाही, हे इमिग्रेशन वकिलाकडूनच समजून घ्या, आणि तेही या सत्रातच.