कुणाला न दाखवण्यासाठी

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

रात्री अकराला ‘पाचच मिनिटं’ म्हणून हातात घेतलेला फोन खाली ठेवेपर्यंत एक वाजतो आणि सकाळी उठल्यावर अंगात थकवा तसाच असतो, असं लिहिलं आहेस. त्याच पत्रात पुढे, जवळजवळ पान उलटल्यावर, एक ओळ आहे: पूर्वी चित्रं काढायला फार आवडायचं, आता वेळच मिळत नाही. या दोन गोष्टी तू एकमेकींपासून इतक्या लांब का लिहिल्यास कोण जाणे. मला त्या शेजारी शेजारी दिसतात, आणि हे पत्र त्यांच्याबद्दलच आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाक. तू आळशी नाहीस, आणि तुझा निग्रहही काही जगावेगळा कच्चा नाही. पूर्वी वाचता वाचता पान संपायचं. पान संपलं की हात क्षणभर थांबायचा आणि पुढे जायचं की उठायचं हे ठरवायला तेवढी फट मिळायची. २००६ मध्ये एझा रास्किन या रचनाकाराने पडद्यावरच्या न संपणाऱ्या पानाची कल्पना मांडली आणि ती फट बुजली. पुढे त्यानेच या शोधाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. त्यात भर म्हणजे आपल्या मनाची एक जुनी खोड. बक्षीस ठरल्या वेळी मिळालं नाही, कधी तिसऱ्या खेपेला तर कधी तेराव्या खेपेला मिळालं, तर प्राणी तीच कृती फार चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवलं होतं. पाच-सहा निरर्थक गोष्टी सरकवल्यावर एखादी छान निघते, आणि ती केव्हा निघेल हे आधी कळत नाही. अंगठा थांबत नाही तो यामुळे. तेव्हा स्वतःला बोल लावत बसू नकोस. बोल लावून थकलेला माणूस पुन्हा फोनच उचलतो.

पण याला विश्रांती म्हणू नकोस, एवढं मात्र मी आग्रहाने सांगते. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं, पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो, आणि आपण स्वस्थ पडलेलो असतानाही हा खर्च फारसा कमी होत नाही. मार्कस राइकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं की, समोर काही ठरावीक काम नसताना मेंदूतले काही भाग मागे न पडता उलट पुढे येतात. जुन्या आठवणी चाळणं, उद्याचा विचार करणं, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेणं, अशा गोष्टींशी हे भाग जोडलेले आहेत. दिवसभरात जे घडलं ते आपलंसं करून घ्यायचं काम या रिकाम्या वेळात होतं, असं मी समजते. पडद्यावर दर काही सेकंदांनी नवा चेहरा, नवी बातमी, नवं भांडण येत राहिलं तर त्या कामाला जागा कुठून मिळणार? सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये असंही मांडलं की, एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही अंश पहिल्यातच अडकून राहतो. त्यांचा अभ्यास कार्यालयीन कामाबद्दल होता. रात्री तासाभरात आपण किती विषय अर्धवट सोडतो, याचा विचार तूच कर.

मग यावर अनेकजण सांगतील, ‘फोन ठेव आणि शांत बस.’ हा सल्ला मी देणार नाही, निदान पहिल्याच दिवशी तरी नाही. टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना एका खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं, करायला काही नाही, सोबतीला आपलेच विचार. हवं असेल तर एक बटण दाबून स्वतःला विजेचा हलका झटका देता येत होता. हा झटका आधी सगळ्यांनी अनुभवला होता, आणि तो टाळायला आपण पैसे मोजू असंही या माणसांनी सांगितलं होतं. तरी अठरा पुरुषांपैकी बारा जणांनी आणि चोवीस स्त्रियांपैकी सहा जणींनी त्या पंधरा मिनिटांत एकदा तरी बटण दाबलं. नुसतं बसणं सवय नसलेल्या माणसाला इतकं जड जातं. म्हणून मनाला थेट रिकामं करायला जाऊ नये. आधी हाताला काम द्यावं, मन मागून येतं.

हाताचं काम कसलंही चालेल, पण ते साधं हवं आणि त्याला घाई नको. तुला चित्रं आवडायची म्हणून चित्रांपासूनच सुरुवात करू. एक पेन्सिल घे, कोरा कागद घे आणि आपला दुसरा हात टेबलावर ठेव. आता कागदाकडे अजिबात न बघता त्या हाताची कड डोळ्यांनी हळूहळू चालत जा, एखादी मुंगी त्या कडेवरून चालली असती तशी, आणि डोळा जितका सरकेल तितकीच पेन्सिल सरकव. नखाचा कोपरा आला की थांब. पेराजवळच्या सुरकुत्या किती आहेत ते बघ. अंगठ्याच्या बुंध्याशी कातडी कशी दुमडते ते बघ. दहा मिनिटांनी कागदावर जे उतरलेलं असेल ते हातासारखं दिसणार नाही. बोटं भलतीकडे गेलेली असतील, रेषा एकमेकींना ओलांडून गेलेल्या असतील. त्याची फिकीर नको. त्या दहा मिनिटांत तू एका वस्तूकडे सलग पाहिलेलं असेल, आणि सलग पाहणं हेच आपल्या हातून निसटत चाललंय. दुसऱ्या दिवशी किल्ली काढ, तिसऱ्या दिवशी चुरगाळलेला कागद. चुरगाळलेला कागद फार सुंदर असतो, त्यावर एक आख्खा आठवडा घालवता येतो.

चित्राचा कंटाळा आला तर कागदाच्या घड्या घालून बघ, मातीचा गोळा मळ, सुटलेलं बटण नीट टाके घालून शिव, आवडती कविता वळणदार अक्षरात उतरवून काढ, कुंडीतल्या रोपाची वाळलेली पानं खुड, गुणगुण. सूर लागला नाही तरी गुणगुण. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना पंचेचाळीस मिनिटं माती, रंगीत पेनं आणि चिकटकामाचे कागद देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरक, मोजलं. सुमारे पाऊणशे टक्के लोकांत ते कमी झालेलं आढळलं, आणि पूर्वी कलेचा हात असलेल्यांत आणि नसलेल्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता, म्हणून त्यावर फार मोठी इमारत मी उभारणार नाही. पण ‘मला कुठे काही येतं’ हे कारण सांगायची सोय त्याने नक्कीच काढून घेतली आहे.

आता या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. त्या वेळात जे करशील ते कुणाला दाखवू नकोस. फोटो काढू नकोस, कुठे टाकू नकोस, मैत्रिणी-मित्रांना पाठवू नकोस, मलासुद्धा नको. हे मी कठोरपणे सांगते, कारण इथेच बहुतेकांचा वेळ हातातून जातो. हे कुणीतरी बघणार असं मनात आलं की पेन्सिल बदलते. सोपी वस्तू निवडली जाते, फसलेला कागद फाडला जातो, चांगला प्रकाश शोधला जातो. मग किती जणांनी पाहिलं हे बघायला फोन उघडावाच लागतो, आणि ज्याच्यापासून थोडं दूर जायला बसलो होतो तिथेच परत येतो. तुझ्या दिवसातला जवळजवळ प्रत्येक तास कुणी ना कुणी मोजतं. साहेब मोजतात, गुण देणारे मोजतात, यंत्रंही मोजतात. एक तुकडा असा असू दे ज्याचा हिशेब कुणालाच द्यावा लागणार नाही. थोडं बरं जमायला लागलं की ‘हे विकत का नाहीस’ असंही कुणी विचारेल. प्रेमाने विचारेल. तितक्याच प्रेमाने नाही म्हण.

रवींद्रनाथ टागोर चित्रांकडे कसे वळले ते मला यासाठी फार मोलाचं वाटतं. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द तसेच विद्रूप ठेवणं त्यांना आवडत नसे. ते त्या खाडाखोडी रेषांनी जोडत, गिरवत, आणि त्यातून पक्षी, प्राणी, चेहरे निघत. साठी उलटल्यावर ते खऱ्या अर्थाने चित्रं काढू लागले. पुढे १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शन झालं, चित्रांची संख्या दोन हजारांच्या वर गेली, हे सगळं खरं. पण सुरुवात कुठे झाली बघ: चुकलेल्या शब्दावर, वहीच्या पानावर, ज्याला कुणी चित्र म्हणणार नव्हतं अशा जागी. तोवर साहित्याचं नोबेल मिळून बरीच वर्षं झालेली होती. त्या खाडाखोडीतून त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. तेवढी मोकळीक प्रसिद्धीशिवायही मिळते. तुला ती आजच आहे.

वेळेचं काय? ‘वेळ मिळाला की करू’ असं ठरवलं तर तो मिळत नाही. ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करेन’ असा नेमका बेत ठरवणारी माणसं आपला निश्चय जास्त वेळा पार पाडतात, हे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलं आहे. म्हणून घड्याळातली वेळ धरू नकोस, रोज न चुकता घडणारी एक गोष्ट धर. रात्रीचं जेवण झालं, ताट उचललं, की टेबलाशी बसायचं. पंधरा मिनिटं पुरेत. कागद-पेन्सिल सकाळीच टेबलावर काढून ठेव, कारण थकलेला माणूस कपाट उघडत नाही. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेव, उपडा करून शेजारी नको. गजरासाठी फोन उशाशी लागतो म्हणशील, तर साधं गजराचं घड्याळ घे. झोपेआधी पडद्याचा निळसर प्रकाश टाळावा, असं सांगतात, कारण तो मेलॅटोनिनला, म्हणजे झोपेशी संबंधित संप्रेरकाला, मागे ढकलतो. ते ठीकच आहे, पण मला प्रकाशापेक्षा मजकुराची धास्ती जास्त वाटते. मध्यरात्री वाचलेला कुणाचा तरी संताप प्रकाश मालवल्यावरही मालवत नाही.

चालायलाही जात जा. कानात काही न घालता. ओपेझो आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी २०१४ मध्ये पाहिलं की, चालताना माणसांना नव्या कल्पना जास्त सुचतात, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालपट्ट्यावर, म्हणजे ट्रेडमिलवर, चाललं तरी, आणि परत येऊन बसल्यावरही हा परिणाम काही काळ टिकतो. ज्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं, तिथे मात्र चालण्याचा असा उपयोग दिसला नाही. तेव्हा अभ्यासातलं गणित सोडवायला चालू नकोस, पण गोंधळ झाला असेल तर जरूर चाल. काही आठवड्यांनी हात शांत झाले की मग नुसतं खिडकीशी बसूनही बघ. तेव्हा ते इतकं जड जाणार नाही.

पडदा मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. लांबच्या माणसाशी बोलणं, चांगलं काही वाचणं, हे त्यावरच होतं आणि व्हावं. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे किंवा तान्हं मूल आहे, त्यांना मी पंधरा मिनिटंही सांगणार नाही, पाच सांगेन. तुला पंधरा आहेत. तुझ्याच पत्रात अकरा ते एकचा उल्लेख आहे.

पहिले काही दिवस नीरस जातील. हात आपोआप खिशाकडे जाईल, काहीतरी राहून जातंय असं वाटेल. त्याला घाबरू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर सवयींचा अभ्यास केला. नवी कृती अंगवळणी पडायला मध्यक, म्हणजे मधोमधचा आकडा, काढला तर ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडल्याचं मात्र दिसलं नाही. तेव्हा खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसून भरपाई करू नकोस, नेहमीसारखीच पंधरा मिनिटं बस. दिवसांची मोजणी ठेवणारं ॲपही नको. तेही पुन्हा हिशेब मागू लागेल.

आज रात्री जेवणानंतर तो दुसरा हात टेबलावर ठेव, एवढंच सांगते. नोकरी बदलण्याबद्दल जे विचारलं आहेस त्याला घाईने उत्तर देणं मला पटत नाही. त्यावर वेगळं पत्र लिहीन, तोवर राजीनामा देऊ नकोस.

सस्नेह,
तुझी ताई