कमी बजेटमध्ये ट्रेलरवरून नेता येईल आणि आत दोन-तीन आठवडे राहता येईल अशी शिडाची बोट कोणती? (अमेरिकेत)

जुनी स्विंग कीलवाली (म्हणजे तळाचा वजनदार पंखा, कील, वर-खाली फिरवता येणारी) कॅटालिना २२ बघा, डोकं फार खाऊ नका. १९६९ पासून १५ हजारांच्या वर बनल्यात त्यामुळे सेकंडहँड भरपूर मिळतात आणि सुटे भागही मिळतात, कमी बजेटमध्ये तेच महत्त्वाचं. कील वर घेतली की दोनेक फूट पाणी पुरतं म्हणजे रॅम्पवरून उतरवणं सोपं, शिवाय रात्री उथळ खाडीत शिरून नांगर टाकता येतो, आणि रुंदी आठ फुटांच्या आत आहे म्हणून रस्त्याला वेगळं परमिट नको. नुसती बोट हजारेक किलोची आहे पण ट्रेलर, मोटर, पाणी, सामान धरून दीड टनाच्या पुढे जाते, तेव्हा गाडीची टोइंग क्षमता आधी बघा.

पैसे द्यायच्या आधी कील खाली सोडायला लावा आणि हे बघा:
- केबल आणि ती गुंडाळायचं चक्र म्हणजे विंच (अडीचशे किलोची ओतीव लोखंडाची कील त्या एका केबलवर लटकते!)
- पिव्हट पिन (कील जिच्यावर फिरते ती), कील डावी-उजवी डुगडुगते का
- ट्रेलरचे बेअरिंग

फक्त एक, पॉपटॉप (वर उचलता येणारं केबिनचं छत) नसेल तर आत ताठ उभं राहता येत नाही, दोघांना चालेल, चौघं असाल तर विसरा.