नोवोसिबिर्स्क शहर कुठे आहे आणि ते एवढं मोठं कसं झालं?

सायबेरियात, ओब नदीच्या दोन्ही काठांवर. मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्गनंतर रशियातलं तिसरं मोठं शहर, लोकसंख्या सुमारे 16 लाख.

हे शहर घडलं ते रेल्वेमुळे. ट्रान्स-सायबेरियन मार्गाला ओब ओलांडायची होती आणि इथे पात्र अरुंद, तळ खडकाळ, म्हणून पूल इथेच बांधायचं ठरलं. 1893 मध्ये मजुरांची वस्ती पडली, तिचंच शहर झालं. त्या पहिल्या पुलाचा एक लोखंडी गाळा आजही नदीकाठच्या बागेत जपून ठेवलाय. गेलात तर तो आवर्जून बघा. 1926 पर्यंत नाव नोवोनिकोलायेव्स्क होतं.

दुसऱ्या महायुद्धात पश्चिमेकडचे कितीतरी कारखाने इथे हलवले गेले. तरीही भव्य ऑपेरा थिएटरचं काम पूर्ण झालं आणि मे 1945 मध्ये, विजयानंतर काही दिवसांतच, ते सुरू झालं. मला हे फार थोर वाटतं. शास्त्रज्ञांची वसाहत अकादेमगोरोदोक 1957 नंतरची.